धोंडाबाईची एकोणचाळीस कोकरं

रेल्वेगाडी येते आहे की नाही, हे ओळखायला रखमाजी धनगराला फाटकवाला लागत नसे, घड्याळ लागत नसे, शिट्टीही लागत नसे. त्याला धूर पुरे. लोणावळ्याच्या बाजूला डोंगराच्या खांद्यावरून वर चढणारा धूर बघून तो सांगे, "ही मालगाडी. लोखंड भरून आलीया," नाहीतर, "ही सवारी गाडी. हिला अजून टायम हाय." एकदा तर इंजिनाचा ड्रायव्हर घरात भांडून आलाय, हेही त्यानं धुराच्या वळणावरून सांगितलं होतं. आता खोटं कशाला बोलू, ड्रायव्हरला विचारायला कुणी गेलं नाही. पण रखमाजी म्हणाला म्हणजे तसंच असणार, असं टाकवे बुद्रुकात आम्ही सगळे धरून चालायचो.

दर साली दिवाळी झाली की हा रखमाजी फलटणपलीकडच्या वाळक्या माळावरून आपला वाडा घेऊन निघायचा. वाडा म्हणजे घर नव्हे. घर दोन घोड्यांच्या पाठीवर. तवा, पाटा, वाकळा, घोंगड्या, बांधलेल्या कोंबड्या आणि त्यांच्यावर झोळीत काल जन्मलेली कोकरं. पुढं अडीचशे मेंढरं, पाचसात शेळ्या, तीन कुत्री. माणसं म्हणाल तर रखमाजी, त्याची बायको धोंडाबाई, धाकटा भाऊ नथू आणि दोन पुतणे. मावळ ओलांडायचं, बोरघाट उतरायचा, कोकणात चार महिने चरायचं आणि पाऊस लागायच्या आत परत माळावर. वाटेत ज्याच्या शेतात मेंढरं रात्री बसतील, त्याच्या शेताला खत. म्हणून आम्ही त्यांची वाट जावयासारखी बघायचो.

त्या साली घाटात विजेची इंजिनं नवीनच सुरू झाली होती. उन्हाळ्यात परत जाताना या लोकांनी लोहमार्गाच्या कडेला नवे खांब आणि वरून ताणलेल्या तारा पाहिल्या होत्या. तेव्हा नथू म्हणाला होता, "वयनी, रेल्वेनं तुमच्या घोंगड्या वाळत घालाया दोरी बांधलीया बघा. लोणावळ्यापतुर!" सगळे हसले, रखमाजीही हसला, आणि खांबांचा विषय तिथं संपला.

टाकव्याला आमच्या खाचरात तीन रात्री मेंढरं बसली. निघायच्या सकाळी धोंडाबाई घोडीवर ओझं आवळत होती. गुडघा घोडीच्या पोटाला लावून दोर असा खेचायची, की घोडीच्या तोंडून हुंकार निघायचा.

"अवं," ती नवऱ्याला म्हणाली, "कोकरांचं कान कापून घिऊ या का? फुडं कोंडाजीचा वाडा चाललाय. एका पान्यावर गाठ पडली, तर कुनाचं कुटलं कळायचं न्हाई."

प्रत्येक वाड्याची कानाची खूण ठरलेली असते. रखमाजीची डाव्या कानाला खाच. मोठ्या मेंढरांना ती होती. वाटेत जन्मलेल्या कोकरांना अजून नव्हती.

"घाट उतरल्याबिगर कान कापायचा न्हाई," रखमाजी म्हणाला. "उतरलं ते आपलं. माझ्या आज्यानं कापला न्हाई, बानं कापला न्हाई. मी कापू?"

"आज्याच्या टायमाला कोंडाजी नव्हता."

"तू दोर आवळ."

धोंडाबाईनं दोर आवळला. घोडी दोनदा हुंकारली.

हा कोंडाजी त्यांच्याच मुलखातला. वाईट माणूस नव्हे, पण एक मुक्काम पुढं राहून चांगलं गवत खाऊन जायची त्याला खोड. त्यावरून दोघा वाड्यांत बोलणं कमी आणि खाकरणं जास्त.

मी गवताची गाडी घेऊन लोणावळ्याच्या बाजाराला निघालो होतो, म्हणून वाटभर त्यांच्या संगतीनं होतो. कार्ल्याला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा वलवणच्या अलीकडं लोहमार्ग आडवा आला. तिथं फाटक नाही. नुसती गुरांची वाट रुळांवरून पलीकडं जाते. डाव्या हाताला मार्ग वळून खोदलेल्या खिंडीत शिरतो, त्यामुळं पलीकडचं काही म्हणता काही दिसत नाही. रुळांच्या पल्याड हौशीराम आबाचं भाताचं खाचर, आणि त्या खाचरात कोंडाजीचा वाडा विसाव्याला टेकलेला. त्यांची मेंढरं तळ्याकडं पाण्यावर गेलेली, आणि कोकरं घेऊन कोंडाजीची बायको कस्तुराबाई आंब्याच्या सावलीत बसलेली.

रखमाजी रुळांपाशी उभा राहिला. कपाळावर हात धरून लोणावळ्याच्या अंगाला बघितलं. आभाळ धुतल्या ताटासारखं स्वच्छ.

"धूर न्हाई," तो म्हणाला. "कोकरं आधी घाला."

दिवसा कोकरं आयांपासून वेगळी हाकतात, नाहीतर दूध संपवतात. म्हणून बायकांकडं कोकरं, बाप्यांकडं मेंढरं. धोंडाबाईनं एकवार खिंडीकडं बघितलं, वर तारांकडं बघितलं. तारा कशा तर गुणगुणत होत्या, मधमाश्या बसल्यासारख्या.

"अवं, ह्या तारा—"

"धूर न्हाई म्हनलं न्हवं? घाल!"

तिनं च्यक च्यक केलं आणि कोकरं रुळांवर चढली. एकोणचाळीस कोकरं, कापसाचे बोळे वाऱ्यावर सोडल्यासारखी. निम्मी रुळांत होती, तेवढ्यात खिंडीतून ते बाहेर आलं.

धूर नाही, भकभक नाही, वाफ नाही. नुसतं तोंड! काळं, चौकोनी, डोक्यावर खाटेच्या चौकटीसारखं काहीतरी घेतलेलं, आणि मागं मालडब्यांची रांग. भोंगा असा वाजला, की माझ्या बैलांनी जू मोडलं. कोकरं जी उधळली ती सरळ पुढं, हौशीरामाच्या खाचरात, कस्तुराबाईच्या कोकरांत जाऊन घुसली. मेंढरं अलीकडं राहिली. धोंडाबाई पलीकडं. रखमाजी तोंड उघडं टाकून मधल्या खडीवर.

आणि रुळांवर हवालदार.

हवालदार हा त्यांचा एडका. शिंगं दोन वेटोळ्यांची, मान माझ्या मांडीएवढी. टाकव्याच्या चावडीचं दार त्यानं एकदा धडकेनं आत पाडलं होतं, पाटील आत असताना. त्यानं इंजिन बघितलं. त्याला वाटलं, आलाय कुणीतरी टकरीला. चार पावलं मागं सरला, मान खाली घातली.

"हवालदाऽर! म्हागं ये मुडद्या!" नथू किंचाळला.

ड्रायव्हरनं ब्रेक दाबले. चाकांतून ठिणग्या, किंकाळ्या, करकर. गाडी पार मुंगीच्या पावलानं येऊन टेकणार, तेवढ्यात हवालदारानं झेप घेतली आणि इंजिनाच्या पुढच्या लोखंडी बफरवर अशी टक्कर दिली, की आवाज खंडाळ्याला ऐकू गेला. इंजिन चार बोटं मागं सरलं, अशी नथूची शपथ आहे. मी तिथं उभा होतो. मी म्हणतो, दोनच बोटं.

गाडी थांबली. हवालदारानं डोकं झाडलं, इंजिनाकडं तुच्छतेनं बघितलं आणि रूळ ओलांडून गवत खायला लागला. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"कुणाची रे ही जनावरं? डोळे फुटले का?"

"धूर कुटाय तुमचा?" रखमाजी खालून ओरडला. आवाजात राग नव्हता. फसवलं गेलेल्या माणसाची तक्रार होती. "धूर न सोडता येत्यात व्हय कुनी?"

ड्रायव्हर हसला तो हसलाच. "अरे बाबा, ही विजेची गाडी! हिला धूर नसतो!" डब्यांच्या शेवटाला गार्ड हसला. वाटेवरचे गुराखी हसले. रखमाजीचे कान लाल झाले. वीस वर्षं ज्याच्या धुरावर माणसं बैलगाड्या हाकत होती, तो मान खाली घालून खडीतलं पायताण शोधत राहिला.

गाडी गेली. मेंढरू एकही मेलं नव्हतं. नथूनं आणि पुतण्यांनी अडीचशेचा कळप पल्याड आणला. आणि तोवर खाचरात बोंब उठली होती.

कोंडाजी पाण्यावरून आपली मेंढरं घेऊन परतला होता. त्यानं काठ्या रोवून वाघर ताणली, म्हणजे मेंढरं कोंडायची सुताची जाळी, आणि सगळी कोकरं सरसकट आत घातली. कान त्याच्याही कोकरांचे अजून कापलेले नव्हते.

"माजी साठ हायती," तो म्हणाला. "साठ मोजून घेनार. ऱ्हातील ती तुमची."

"आमची एकूनचाळीस," धोंडाबाई म्हणाली.

हौशीराम आबा पटका सावरत आला. खाचर त्याचं, म्हणून निवाडाही त्याचाच. त्यानं कोकरं मोजवली. अठ्ठ्याऐंशी भरली.

"साठ आन एकूनचाळीस म्हंजी नव्यान्नव," हौशीराम म्हणाला. "आन हितं अठ्ठ्याऐंशी. कुनीतरी अकरा कोकरं पोटात घालून बोलतंय."

"मी खोटं बोलतो?" कोंडाजी उसळला. "इचारा माज्या बायकोला. कस्तुरा, किती कोकरं आपली?"

कस्तुराबाई वाघरीपाशी उभी होती. "साठ," ती म्हणाली. पण ती नवऱ्याकडं बघून बोलली नाही. नवरा उजव्या हाताला होता, तिचं तोंड आंब्याकडं.

"मंग मेंढरं सोडा," रखमाजी म्हणाला. "जिचं तिला कळंल."

"भुकेलं कोकरू कुनाच्याबी कासंला लागतंय! आन भ्यालेली मेंढी कुनालाबी पाजती! न्हाई चालायचं."

हौशीराम खाली बसला, तंबाखू मळायला घेतली. "घाई कशाला?" तो म्हणाला. "निवाडा कसा सावकाश झाला पायजे. आजच्या रात्री दोनी कळप हितंच बसूद्यात. सकाळी बघू. वाटलं तर उद्याबी बघू."

नथूनं खाचर एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत बघितलं. "आबा," तो म्हणाला, "त्या कोपऱ्यात एकबी मेंढरू बसंना. तितं निवाडा कच्चा ऱ्हाईल."

"गप ए," हौशीराम म्हणाला. पण त्याच्या मिशीत हसू फुटलं होतं. पाचशे मेंढरं रात्रभर, तीही फुकट! पुढच्या साली त्याच्या खाचरात भात माणूसभर उंच झालं आणि कापायला शिडी लागली, ते पुढं सांगतो असं म्हणत नाही, आत्ताच सांगून टाकलं.

पण कोकरं थांबणार कशी? ती सकाळपासून उपाशी. वाघरीतून असा आक्रोश चालला होता, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. तिकडं मेंढ्यांच्या कासा तटतटल्या होत्या. काहींच्या सडांतून आपोआप थेंब गळत होते. धोंडाबाईनं पदर कमरेला खोचला.

"मी सांगते," ती म्हणाली. "कोकरू हातात द्या, त्याची आई मी सांगते."

"समद्यांची?" कोंडाजी हसला.

"एकूनचाळीसांची."

"मंग माजं बी आयका. आधी नाव घ्यायचं, मागनं मेंढी सोडायची. मेंढीनं हुंगून पाजलं तर तुमचं. लाथ मारली, तर वाघरीत ऱ्हायलेली समदी माजी. एक चुकी आन खेळ खलास! बोल रखमाजी, कबूल?"

सगळे रखमाजीकडं बघायला लागले. सालभराची सगळी वाढ त्या वाघरीत होती. ती गेली, तर पुढच्या साली कळप म्हाताऱ्या मेंढ्यांचा, आणि म्हाताऱ्या मेंढ्यांचा कळप घाट चढत नाही. दुसऱ्या कुठल्या दिवशी तो फाडकन बोलला असता. पण धूर चुकलेला माणूस.

"कबूल," धोंडाबाई म्हणाली. त्याच्याआधी.

बघता बघता वलवण रिकामं झालं आणि खाचर भरलं. बांधावर माणसं, आंब्यावर माणसं. तंबाखूच्या पैजा लागल्या. कोकरं निवडून हातात द्यायचं काम कस्तुराबाईकडं, म्हणजे लबाडी नको. ती वाघरीत वाकून हात फिरवायची, कान चाचपायची, आणि पहिलं हाताला लागेल ते उचलायची.

पहिलं कोकरू आलं. पांढरं, नाकावर तपकिरी डाग.

धोंडाबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, इतकंच. "काळतोंडी. शिंगाचं टवकं उडालंय ती."

नथूनं काळतोंडी सोडली. ती धावत आली, कोकराच्या शेपटीखाली नाक घातलं, आणि मागचे पाय फाकून उभी राहिली. कोकराची शेपूट फिरकीसारखी फिरायला लागली.

"ए ऽ क!" बांधावरून आवाज आला.

"ह्ये कुनाचं?" कोंडाजी विचारायचा.

"बुचीचं. पैलटकरीन हाय, पाठीवर हात ठिवा तिच्या. हां."

"दो ऽ न!"

"ह्ये?"

"ह्ये न्हवं आमचं. कस्तुराबाईंचं. बाजूला ठिवा."

"ह्ये?"

"मोरीचं. आन त्याचं जुळं अजून आत हाय, हाताला लागंल तवा सांगते."

दहा झाली, पंधरा झाली, वीस झाली. ती चुकेना! उन्हात तिच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत साचला होता. पायाखालच्या धसकटांनी घोटे सोलले होते. तोंडाला कोरड पडली म्हणून कुणीतरी पाणी पुढं केलं, तर तिनं ते न बघताच हातानं बाजूला केलं. नाव घ्यायची, मेंढी यायची, हुंगायची, पाजायची. पंचवीस! आंब्यावरची माणसं फांदीसकट खाली आली तरी त्यांना पडल्याचं भान नव्हतं. तीस!

एकतिसावं कोकरू हातात आलं आणि धोंडाबाईनं ते छातीशी धरलं.

वाघरीत तिची अजून आठ होती. हातातलं कोकरू बारकं, लांब पायांचं. त्याची आई टाकव्याला पान लागून, म्हणजे साप चावून, मेली होती, आमच्याच बांधावर. मीच खड्डा खणला होता.

"बोला," कोंडाजी म्हणाला.

"ह्याची आई मेली."

"मेली?" कोंडाजीनं टाळी वाजवली. "मेलेली मेंढी कशी सोडनार? खेळ खलास! आबा, सांगा निवाडा!"

"थांबा की," हौशीराम म्हणाला. "निवाड्याला घाई नको."

"पाजनारी हाय," धोंडाबाई म्हणाली. "ती सोडली तर चालंल का?"

कोंडाजी आता जिंकल्यासारखाच होता, आणि जिंकलेला माणूस दिलदार होतो. "सोडा की! मेंढी सोडा, घोडी सोडा, हौशीराम आबाची म्हस सोडा. ह्याला पाजल तीच ह्याची आई. ऐकलं ना रं समद्यांनी?"

"नथू भावजी, चांदी सोडा."

नथूनं कळपामागून एक शेळी सोडली. करड मेलेली, पांढरी, दाढीवाली शेळी! माणसं पोट धरून हसायला लागली. शेळी मधोमध आली, उभी राहिली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग हौशीरामाच्या पटक्याचा लोंबता शेव तोंडात घेऊन चावायला लागली.

"ही आई?" कोंडाजी डोळे पुसत म्हणाला. "ही तर सासू दिसतीया!"

रखमाजीनं डोळे मिटून घेतले. धोंडाबाई हलली नाही. तिनं कोकरू खाली ठेवलं, त्याचे पाय जमिनीला लागू दिले, हात काढून घेतला. कोकरू लटपटलं. मान वर करून एकदाच बारीक ब्याँ केलं.

शेळीचे कान टवकारले. पटका तोंडातच, आणि पटक्यामागं हौशीराम! अशी वरात आली! शेळीनं कोकराला डोक्यानं आपल्याखाली ढकललं, कोकरानं गुडघे टेकून कासेला ढुशी दिली, आणि हौशीराम उघड्या डोक्यानं त्या दोघांशेजारी मांडी घालून बसला, कारण पटक्याचं दुसरं टोक अजून त्याच्या मुठीत होतं.

जो आरडाओरडा उठला! तळ्यावरचे बगळे उडाले ते भुशीच्या रानात जाऊन बसले. राहिलेली आठ नावं तर धोंडाबाईनं अशी घेतली, जसं सुपात धान्य पाखडावं. एकोणचाळीस! नथूनं हवालदाराच्या शिंगाला गुलाल समजून वाटेची तांबडी माती फासली.

हे सगळं झाल्यावर, बाजूला ठेवलेली धरून, वाघरीत उरली एकोणपन्नास.

कोंडाजीनं ती मोजली. परत मोजली. त्याचा चेहरा उतरला. "कस्तुरा," तो हळू म्हणाला, "साठ म्हनली हुतीस. अकरा कुटं गेली?"

कस्तुराबाई वाघरीवर वाकली. तिची बोटं एका कोकराच्या कानावरून फिरत होती. पुढं, मागं, पुढं, मागं. धोंडाबाईनं ती बोटं बघितली. दिवसभर बघत होती. आता ती दोन पावलं पुढं झाली आणि कस्तुराबाईच्या तोंडाकडं नीट बघितलं. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय आल्यासारखं पांढुरकं.

"कामशेतच्या वढ्यात लांडगं मातल्यात," धोंडाबाई मोठ्यानं म्हणाली. "आमची बी न्हेली की."

"आपली कवा—" रखमाजीनं तोंड उघडलं. तिनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं तोंड मिटलं.

कोंडाजीला ते पटलं, पण माणसांसमोर पडलेलं नाक उचलायचं होतं. तो छाती काढून बांधावरच्या लोकांकडं वळला. "रखमाजीच्या बायकोनं नावं घेतली, बरूबर हाय. पन आमची बी काय कमी न्हाई! कस्तुरा, घे नावं. एकूनपन्नासांची घे. दाव ह्यांना. आमच्या वाड्यात काय आंधळी मानसं न्हाईत!"

कस्तुराबाई जागच्या जागी थिजली. पन्नास डोळे तिच्यावर. तिला ते दिसत नव्हते, पण कळत होते.

दिवस कलला होता. घाट उजेडातच उतरायचा असतो; आणि रखमाजीच्या घोड्या ओझं घेऊन वाटेला तोंड करून उभ्या होत्या. "चल," रखमाजी म्हणाला. "आपलं झालं. पार खाली हाळ गावाला जायाचंय."

धोंडाबाई गेली नाही. ती वाघरीत शिरली आणि कस्तुराबाईला खांदा लावून खाली बसली.

"मी कोकरं धरते, आक्का," ती म्हणाली. "तुमी नावं घ्या."

आठ वर्षं दोन्ही वाडे एकाच पाण्यावर पाठोपाठ आले होते. खाकरत का होईना; त्यांच्या मेंढ्यांची नावंही धोंडाबाईला पाठ होती. तिनं एक कोकरू उचललं, त्याच्या कपाळाकडं बघितलं, कोंडाजीच्या कळपावरून नजर फिरवली, आणि कोकराच्या लोकरीत तोंड लपवून पुटपुटली. कस्तुराबाईनं कान तिकडं केला. मग तिनं मान ताठ केली.

"ठिपकी!" ती खणखणीत म्हणाली. "पाय वढती ती!"

ठिपकी आली. हुंगलं. पाजलं.

"बघा!" कोंडाजी ओरडला. "म्हनलं न्हवतं?"

"तांबड्या कानाची!"

"बघा, बघा!"

त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. तो प्रत्येक नावाला मांडीवर थाप मारत होता, आणि वाघरीत दोन बाया खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. एक बघत होती, एक बोलत होती. कस्तुराबाईच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि आवाज मात्र पाटलिणीसारखा चढत होता. बांधावरची निम्मी माणसं समजून चुकली. कोणी चकार शब्द काढला नाही. मी काढला नाही, म्हणजे बघा.

रखमाजी घोडीपाशी उभा होता. त्यालाही दिसलं. तो बराच वेळ दोराशी चाळा करत राहिला. मग त्यानं गाठ सोडली.

पुरुषानं घोडीचं ओझं उतरवायचं नसतं. चूल मांडायची नसते. धनगराच्या वाड्यात ते बाईचं काम. रखमाजीनं वाकळा उतरवल्या, कोंबड्या उतरवल्या, त्यातली एक सुटून पळाली. तीन दगड शोधून आणले. ते तीन उंचीचे निघाले. तवा ठेवला तर तो एका अंगाला कलला. काटक्या पेटवल्या. आणि आता त्याच्या डोळ्यांसमोर धूर आला, असा की खोकून खोकून तो तांबडा झाला.

"दादा," नथू म्हणाला, "ह्यो कंच्या गाडीचा?"

"तू पीठ काढ."

"मी? मी न्हाई काढायचा. बाप्यामानसानं—"

रखमाजीनंच पीठ काढलं. पाणी जास्त झालं, मग पीठ घातलं; पीठ जास्त झालं, मग पाणी. थापताना भाकरी हातावरून दोनदा पडली. एकदा राखेत, एकदा कुत्र्यापुढं. कुत्र्यानं वास घेतला आणि आदबीनं दोन पावलं मागं सरला.

एकोणपन्नासावं नाव घेऊन कस्तुराबाई उठली, तेव्हा सूर्य नागफणीच्या सुळक्यामागं टेकला होता. खाचरात पाचशे मेंढरं रवंथ करत बसली होती, आणि कोकरं पोटं टम्म फुगवून आयांच्या पाठीवर चढत होती. हौशीराम धुतल्या पटक्यानं बांधाबांधानं फिरत, कोपऱ्यातल्या चार मेंढरांना मधोमध सरकवत होता. कस्तुराबाईनं अंदाजानं हात पुढं केला. धोंडाबाईनं तो धरला आणि सहज बोलत निघाल्यासारखी तिला चुलीपाशी घेऊन आली.

रखमाजीनं एक भाकरी दोघींपुढं ठेवली. एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला कच्ची, मधे पायताणाच्या टाचेएवढी जाड. तो नजर न उचलता बसून राहिला.

धोंडाबाईनं भाकरी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, डोळ्यांजवळ नेऊन तिचं तोंड निरखलं.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "हिची आई मला सांगता यायची न्हाई."

कस्तुराबाईला हसू आवरेना. नथू तर जमिनीवर लोळला. कोंडाजीही काही न कळून हसला.

"माजी हाय," रखमाजी म्हणाला, आणि दुसरा गोळा थापायला घेतला.